फॅनी लू हेमर यांची उस्तवार कोणी केली?

१४ मार्च १९७७ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, माउंड बायू गावच्या रुग्णालयात, काळ्यांच्या मतदानहक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर वारल्या. वय ५९. उच्च रक्तदाब आणि स्तनाचा कर्करोग ही दुखणी होती, शेवटी हृदयानं साथ सोडली. अंत्यविधीला त्यांच्या रूलव्हिल गावच्या छोट्या चर्चमध्ये माणूस मावेना. संयुक्त राष्ट्रसंघातले अमेरिकेचे राजदूत अँड्र्यू यंग तिथे बोलले. त्या नसत्या तर आज आपल्यापैकी कोणीच इथवर पोचलं नसतं, अशा अर्थाचं ते भाषण होतं.

त्यांचे पती पेरी हेमर, ज्यांना सगळे पॅप म्हणत, त्यांनी पुढे चरित्रकारांपाशी जे बोलून दाखवलं ते या गर्दीशी जुळत नाही. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: माझ्या बायकोनं लोकांवर जीव लावला, लोकांनी तिच्यावर लावला नाही. मी कामावरून घरी यायचो तेव्हा ती तशीच पडून असायची, चूल मलाच पेटवावी लागायची. तिच्या उस्तवारीला कोणी यायचं ते पैसे मोजले तरच.

जिच्या दारात वर्षानुवर्षं मागणाऱ्यांची रांग होती, तिच्या अंथरुणाशी शेवटी एकटा नवरा का उरला? हे प्रकरण त्याचं आहे. कृष्णवर्णीय बायकांना आज ऊठसूट सल्ला दिला जातो की बाई गं, स्वतःकडेही बघ. हेमरबाईंना तो सल्ला देऊन काही साधलं असतं असं मला वाटत नाही. आपण थकलोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २० डिसेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, काळ्यांचे जहाल नेते माल्कम एक्स ज्या सभेत होते त्याच सभेत, त्या म्हणाल्या होत्या की सतत आजारी आणि थकलेलं असण्याचाच मला आता वीट आलाय. त्यांच्या थडग्यावर हेच वाक्य कोरलेलं आहे.

मराठीत अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याची ओळख बहुतेक मार्टिन ल्यूथर किंग यांच्यामुळे आणि ब्लॅक पँथरमुळे झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तेच नाव घेऊन. या ओळखीत हेमरबाई क्वचितच भेटतात, म्हणून थोडं मागून सांगायला हवं.

घरातली शिकवण

६ ऑक्टोबर १९१७ चा जन्म, वीस भावंडांतलं शेंडेफळ. आईबाप दुसऱ्याच्या मळ्यावर अर्धेलीनं कापूस पिकवणारे. वयाच्या सहाव्या वर्षी मळेवाल्यानं दुकानातल्या खाऊचं आमिष दाखवून पोरीला कापूस वेचायला लावलं आणि त्यानंतर ती वेचणी सुटली नाही. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे पायात कायमचा लंगडेपणा आला. शाळा सहावीच्या आसपास सुटली.

आई लू एला यांच्याबद्दल हेमरबाई पुढे पुष्कळदा बोलत. ठिगळावर ठिगळ लावून जड झालेले आईचे कपडे त्यांच्या डोक्यातून कधी गेले नाहीत. आपण गोरं असतो तर बरं झालं असतं असं लेकीच्या मनात आलं तेव्हा याच आईनं तिला काळी बाहुली आणून दिली होती. रान साफ करताना काहीतरी उडून आईच्या डोळ्याला लागलं. इलाज झाला नाही, हळूहळू दृष्टी गेली. शेवटची वर्षं आई लेकीकडे राहिली आणि १९६१ मध्ये गेली. म्हणजे माणसाची उस्तवार कशी करायची हे हेमरबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. प्रश्न होता तो उलट दिशेचा.

१९४४ मध्ये पेरी हेमर यांच्याशी लग्न झालं. ते रूलव्हिलजवळच्या मार्लो यांच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवत, या वेचणी करत आणि मजुरांच्या कामाचा हिशेब ठेवत. पोटची मुलं जगली नाहीत म्हणून डोरोथी आणि व्हर्जी या दोन मुलींना त्यांनी आपलंसं केलं. १९६१ मध्ये गर्भाशयातली गाठ काढायला म्हणून त्या परगण्याच्या रुग्णालयात गेल्या आणि डॉक्टरनं न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. ही बातमी त्यांना डॉक्टरकडून नव्हे, मळेवाल्याच्या घरातल्या कुजबुजीतून कळली. मिसिसिपीत काळ्या बायकांवर हे इतकं सर्रास होत होतं की लोक त्याला कडवटपणे 'मिसिसिपीतलं अपेंडिक्सचं ऑपरेशन' म्हणत. कोर्टात का गेला नाहीत, यावर त्यांचं उत्तर असं की गोऱ्या डॉक्टरविरुद्ध गोरा वकील करणं म्हणजे आपल्या शवपेटीला आपल्याच हातानं खिळे ठोकणं.

अशा बाईला 'वेळच्या वेळी तपासण्या करून घ्या' हे सांगणाऱ्यानं आधी ती तपासणी कुठे होते ते पाहावं.

सोळा गोळ्या

३१ ऑगस्ट १९६२ रोजी रूलव्हिलची अठरा माणसं एका जुन्या बसनं परगण्याच्या ठिकाणी, इंडियानोलाला, मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. हेमरबाई त्यांत होत्या. नोंदणीसाठी विचारलेल्या, राज्यघटनेवरच्या किचकट प्रश्नात त्यांना नापास केलं. परतताना बस अडवून दंड ठोठावला, कारण काय तर बसचा रंग फार पिवळा. घरी आल्यावर मळेवाल्यानं नाव मागे घ्या, नाहीतर मळा सोडा असं बजावलं. त्यांनी उत्तर दिलं, मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. त्याच रात्री अठरा वर्षांचं घर सुटलं.

इथे पॅप यांच्याकडे लक्ष द्यायला हवं, कारण लढ्याच्या इतिहासात ते नेहमी एका वाक्यात आटोपतात. पीक निघेपर्यंत त्यांना मळ्यावरच थांबवून घेतलं गेलं. बायको रूलव्हिलमध्ये ओळखीच्या घरी. पॅपना धोक्याचा वास आला आणि त्यांनी तिला नि मुलींना शेजारच्या परगण्यात नातेवाइकांकडे हलवलं. १० सप्टेंबरच्या रात्री, ज्या घरात ती आधी उतरली होती, त्यावर सोळा गोळ्या झाडल्या गेल्या.

त्यानंतर पॅपना काम मिळेना. बायकोचं नाव ऐकलं की दार बंद. विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीकडून, म्हणजे सगळे 'स्निक' म्हणत त्या संघटनेकडून, हेमरबाईंना आठवड्याला दहा डॉलर मिळत. नळ नसलेल्या घराला नऊ हजार डॉलरचं पाण्याचं बिल आलं. बाई गावोगाव सभा घेत फिरत होत्या आणि मागे मुली, चूल, दारावर येणारे पोलीस हे सगळं पॅप सांभाळत होते. चळवळीच्या वहीत हे काम कुठे लिहिलं गेलं नाही, कारण ते घरचं काम होतं. पुरुषानं केलं तरीही ते घरचंच काम राहिलं, हे मला या प्रकरणात सगळ्यात बोलकं वाटतं.

विनोना

९ जून १९६३. दक्षिण कॅरोलिनातलं प्रशिक्षण आटोपून परतणाऱ्या कार्यकर्त्यांना मिसिसिपीतल्या विनोना गावच्या बसस्थानकावर अटक झाली. हेमरबाई त्यांत होत्या. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हाती चामड्याचा सोटा देऊन हेमरबाईंना मारायला लावलं. पहिला दमला की दुसरा. मूत्रपिंड कायमचं दुखावलं, डोळ्यामागे रक्त साकळलं, लंगडणं वाढलं. १२ जूनला सुटका झाली, तेव्हा त्यांना कळलं की त्याच दिवशी पहाटे मिसिसिपीतले नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा खून झाला होता. पुढे खटला उभा राहिला आणि गोऱ्या पंचांनी पोलिसांना निर्दोष सोडलं.

सुटल्यावर त्या सरळ घरी गेल्या नाहीत. महिनाभर बाहेरच राहून बऱ्या झाल्या. एक बहीण भेटून गेली. नवऱ्यानं आणि मुलींनी आपल्याला या अवस्थेत बघू नये असं त्यांना वाटत होतं.

या महिन्यापाशी मी थांबतो. काळजी घेऊ देणं हीसुद्धा सवय असते आणि ती लागायला समोरच्याला आपलं मोडलेपण दाखवावं लागतं. हेमरबाई लोकांसमोर आपली जखम सांगायला मुळीच कचरत नसत. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींऐवजी आपल्या प्रतिनिधींना जागा मिळाव्यात म्हणून, त्यांनी विनोनाचा मार टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे तपशिलानं सांगितला. अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईत पत्रकार परिषद बोलावली, प्रक्षेपण तिकडे वळलं, पण रात्री सगळ्या देशानं ती साक्ष पाहिली. देशाला दाखवता येते ती जखम घरात दाखवता येत नाही, हे परस्परविरोधी नाही. सभेत जखम पुरावा असते. घरात ती ओझं होते, आणि आधीच वाकलेल्या माणसावर आणखी ओझं टाकायला जीव धजत नाही. पॅपची नोकरी आपल्यापायी गेली हे त्या कधी विसरल्या असतील असं वाटत नाही. अर्थात हा माझा अंदाज.

बंगल्याच्या दारात राष्ट्राध्यक्ष

या सगळ्या आयुष्यात विश्रांती म्हणून ठरवून दिलेली एक गोष्ट सापडते. १९६४ च्या सप्टेंबरात गायक हॅरी बेलाफोंटे यांनी 'स्निक'च्या अकरा जणांना पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात नेलं. अटलांटिक सिटीतल्या तडजोडीनं पोरं खचली होती. साक्ष गाजली, पण पक्षानं देऊ केल्या फक्त दोन जागा, त्याही नावापुरत्या. बेलाफोंटे यांना दिसलं की ही माणसं आता कोसळतील. त्यांनी पैसा उभा केला आणि सगळ्यांना तीन आठवडे उचलून दूर नेलं.

तिथे राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे स्वतः पाहुण्यांच्या बंगल्यावर भेटायला आले. हेमरबाई अंघोळ करत होत्या. निरोप ऐकून आधी त्यांना ती थट्टा वाटली. नंतर त्या रडल्या. माझ्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला भेटायला मी इतकी धडपडले आणि त्यानं तोंड फिरवलं, आणि इथला राष्ट्राध्यक्ष मला भेटायला येतो, असा त्यांचा उद्गार बेलाफोंटे यांनी पुढे सांगितला आहे. काळे वैमानिक, बँकेत बसलेली काळी माणसं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तिथे पाहिली.

ती सहल कशी घडली ते पाहा. बाईंनी रजा मागितली नव्हती. दुसऱ्याच्या लक्षात आलं, त्यानं तिकीट काढलं, तारीख ठरवली, सोबत दिली, आणि ज्यांना तिची विश्रांती चैन वाटली असती त्यांच्यापासून तिला लांब ठेवलं. पॅप मात्र मिसिसिपीतच राहिले. आणि पुन्हा अशी सहल कोणी ठरवली नाही. एकदा बरं वाटलं म्हणजे माणूस बरा झाला, असा समज चळवळींमध्ये फार असतो.

देणारीचा हिशेब

१९६७ मध्ये थोरली लेक डोरोथी गेली. बाळंतपणानंतर अंगात त्राण नव्हतं, पोटाला पुरेसं नव्हतं, रक्तस्राव सुरू झाला. जवळपासचं कुठलंच रुग्णालय दाखल करून घेईना, म्हणून आईबाप तिला मेम्फिसला घेऊन निघाले आणि ती वाटेतच गेली. तिच्या दोन चिमुकल्या मुली हेमर दांपत्यानं वाढवायला घेतल्या. पन्नाशीत पुन्हा लंगोट-दुपटी सुरू झाली.

भुकेनं लेक गेली, म्हणून पुढची सगळी शक्ती अन्नाकडे वळली असं मी मानतो. डुकरांची बँक सुरू झाली: गाभण डुकरीण कुटुंबाला द्यायची, तिच्या पिलांतली दोन परत घ्यायची आणि पुढच्या कुटुंबाला द्यायची. १९६९ मध्ये चाळीस एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी राहिली आणि पुढे तिची जमीन सहाशे एकरांवर गेली. वर्गणी महिन्याला एक डॉलर. तेवढीही जेमतेम तीस कुटुंबांना परवडायची, पण भाजी सगळ्यांना मिळायची. हा तुटवडा भरून काढायला हेमरबाई उत्तरेकडे विद्यापीठांत भाषणं देत फिरायच्या. मानधन शेतीत जायचं. घरी आल्या की दारात माणसं: कोणाला कपडे, कोणाला भाड्याचे पैसे, कोणाला तुरुंगातला पोरगा सोडवायचा.

१९७२ पासून रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या. रक्तदाब, मधुमेह, आणि डॉक्टर ज्याला नुसता शीण म्हणत ते. १९७४ मध्ये मनानं आणि शरीरानं एकदमच हाय खाल्ली. त्याच सुमाराला शेती पूर, दुष्काळ आणि कर्जात रुतली. १९७६ मध्ये जमीन हातची गेली आणि त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली.

मग माणसं कुठे गेली? पॅप म्हणतात तसं लोकांचं प्रेम नव्हतंच, हे मला पूर्ण पटत नाही. शेवटच्या काळात जुने सोबती भेटून जात होते. पण 'स्निक' ही संघटना तोवर विखुरली होती. पोरं शिकायला गेली, नोकऱ्यांना लागली, काही निवडणुकीच्या राजकारणात गेली. रूलव्हिलमध्ये उरले ते शेजारीपाजारी, आणि त्यांच्या नजरेत हेमरबाई देणारी बाई होती. तिच्या घरात स्वयंपाक झाला नसेल हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. शिवाय दहा वर्षं ज्या बाईनं सोटे खाऊन व्यासपीठावरून गाणी म्हटली, ती खचेल कशी? खंबीरपणाचं कौतुक करणाऱ्या माणसाला तो खंबीरपणा संपलेला दिसत नाही. काळ्या बायकांच्या बाबतीत हे कौतुक गुलामीच्या काळापासून चालत आलंय, आणि तेव्हा त्याचा उपयोग जास्त काम काढून घ्यायलाच होत होता. संशोधक आर्लाइन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं की सततच्या वंशभेदाच्या ताणानं काळ्या बायकांची शरीरं वयाआधीच झिजतात. हेमरबाईंचा ५९ व्या वर्षीचा दाखला त्याच्या पंधरा वर्षं आधीचा.

नवऱ्याबद्दल त्यांनी स्वतः काय म्हटलं तेही नोंदवायला हवं. १९७१ मधल्या एका भाषणात मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रीमुक्तीवाल्यांना त्यांनी सुनावलं होतं: माझा काळा नवरा सहा फूट तीन इंच उंच आहे, दोनशे चाळीस पौंड वजनाचा आहे, चौदा नंबरचा बूट घालतो आणि त्याच्यापासून मला मुक्ती नकोय. वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण मला त्यात प्रेमाइतकाच हिशेबही ऐकू येतो. तिच्या जगात ज्यांच्यावर विसंबता येईल अशी माणसं मोजकी होती आणि त्यांतलं पहिलं हे. अडचण इतकीच की ते एकटंच होतं. एका माणसानं दिवसा मजुरी करायची आणि संध्याकाळी रुग्णाची सेवा, स्वयंपाक, दोन नातींचा सांभाळ असं सगळं करायचं, तर सेवा तुटपुंजीच होणार. पॅपच्या कडवट बोलण्यात तक्रार लोकांची आहे, पण आवाज दमलेल्या माणसाचा आहे.

माउंड बायू आणि पुढे

ज्या गावात त्या वारल्या ते माउंड बायू १८८७ मध्ये गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवलेलं. १९४२ मध्ये तिथे एका काळ्या बंधुमंडळानं सभासदांच्या वर्गणीतून रुग्णालय बांधलं. गोऱ्यांच्या रुग्णालयात काळ्यांना मागच्या दारानं जावं लागे, इथे पुढच्या दारानं. याच गावात १९६७ मध्ये सुरू झालेल्या आरोग्य केंद्रात डॉक्टर जॅक गायगर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून द्यायचे. वरिष्ठांनी हरकत घेतली तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की पुस्तकात पाहिलं तर कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे. काळजी ही वर्गणीनं, पाळीनं, हिशेबानं चालवायची गोष्ट आहे हे मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या काळ्या लोकांना चांगलं माहीत होतं. रुग्णालय त्यांनी तसं चालवलं, शेती तशी चालवली. हेमरबाईंच्या घरापुरती मात्र पाळी कोणी लावली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, जून १९८३ मध्ये, अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजात आरोग्य कार्यकर्त्या बिली एव्हरी यांनी काळ्या बायकांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. जवळपास दोन हजार बाया आल्या. घोषवाक्य म्हणून हेमरबाईंचंच वाक्य घेतलं होतं. एव्हरी यांचा स्वतःचा नवरा तेहतिसाव्या वर्षी अचानक गेला होता, त्यामुळे आरोग्याची माहिती हाती असूनही माणूस कसा जातो हे त्यांना ठाऊक होतं. परिषदेत लिली अ‍ॅलन यांनी घेतलेलं एक सत्र असं होतं की बायकांनी गोल बसून फक्त आपापलं खरं सांगायचं. तिथून गावोगाव बायकांचे छोटे गट निघाले. आधी मारहाण, गर्भपात, लहानपणचे अत्याचार, आणि मग रक्तदाब. बाई दर आठवड्याला कोणाच्या तरी समोर बसते, म्हणजे ती आली नाही तर कोणाच्या तरी लक्षात येतं. हेमरबाईंकडे नेमकं हेच नव्हतं.

हे गट बायकांचे होते, बायकांसाठी होते. आजारी बायकोपाशी बसायला कामावरून सुटी हवी असलेल्या नवऱ्याला त्यातून काही मिळत नव्हतं. अशा सुटीचा कायदा अमेरिकेत १९९३ मध्ये झाला. आजारी जोडीदारासाठी बारा आठवड्यांची रजा मिळते, ती बिनपगारी, आणि मालकाकडे किमान पन्नास माणसं कामाला असली तरच. पॅप हेमर त्याच्या आदल्या वर्षी वारले.